टायरला काळं मारण्याआधी: पॉलिशनं टायर खराब होतो का?

"साहेब, टायरला काळं मारू का?" वॉशिंग सेंटरवर गाडी पुसून झाली की हा प्रश्न येतोच. विचारणारा मुलगा तोवर ओला स्पंज घेऊन चाकाशी बसलेलाही असतो. आपण फोनवर असतो, मान डोलावतो आणि पाच मिनिटांत चारही चाकं काळीभोर होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर कुणी विचारतही नाही. झेंडूचे हार चढायच्या आत रांगेतल्या सगळ्या गाड्यांचे टायर एकाच डब्यातून चमकून निघतात.

मान डोलावण्याआधी त्या डब्यात काय आहे ते विचारा. पॉलिशनं टायर खराब होतो का, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या डब्यातच आहे. पाण्यात कालवलेलं सिलिकोन असेल आणि ते नीट लावलं असेल, तर टायरचं त्यानं काही बिघडत नाही. डिझेल, जळकं ऑइल किंवा रॉकेलच्या जातीच्या द्रावकातलं पॉलिश असेल, तर ते प्रत्येक वेळी रबराचं थोडं थोडं नुकसान करतं. आणि पॉलिश कितीही चांगलं असलं तरी ते भेगा झाकतं. माझ्या मते हा शेवटचा धोका सगळ्यांत मोठा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

टायर स्वतःची राखण कशी करतो

आधी हे समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप पटतं. टायरमध्ये नैसर्गिक आणि कृत्रिम अशी दोन्ही प्रकारची रबरं असतात, आणि दोन्हींचा एक शत्रू समान आहे: ओझोन. वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगतच्या हवेत हा वायू तयार होतो. रबराच्या लांबलचक साखळ्यांमधले दुहेरी बंध तो तोडतो. रबर जिथं ताणलेलं असतं तिथं हे आधी घडतं. म्हणून साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक चिरा सर्वांत आधी दिसतात.

टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्यामुळे रबरातच दोन राखणदार मिसळलेले असतात. एक मेण, दुसरं ओझोनशी स्वतः झुंजणारं रसायन. गाडी चालते, टायर दबतो आणि सुटतो, तसे हे दोन्ही पदार्थ आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि तिथं एक पातळ थर धरतात. हे रसायन हवेशी झुंजून खर्ची पडलं की तपकिरी होतं. टायरची बाजू चॉकलेटी दिसायला लागते ती त्यामुळे. बरेच जण तिला घाण समजून तारेच्या ब्रशनं घासतात. त्या तपकिरीत रस्त्याची धूळ असतेच, पण बराचसा भाग हा टायरनं आपल्या संरक्षणासाठी खर्च केलेला माल असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर तडकते, कारण टायर दबला-सुटला नाही तर मेण वर येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टायर ज्यांनी नंतर निरखून पाहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरी, हा वरचा थर जो पदार्थ विरघळवून नेतो तो टायरचा शत्रू, मग तो लावल्यावर टायर कितीही सुंदर दिसो.

उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. बाटलीवर "यूव्ही संरक्षण" ठळक छापलेलं असतं. टायर काळा असतो तो त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे अतिशय बारीक काजळीमुळे. ही काजळी रबराला बळकटी देते आणि अतिनील किरणंही शोषून घेते. म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण कारखान्यातच झालेलं असतं. पॉलिश दिसण्यासाठी लावायचं, हे मनात पक्कं असलं की त्यावर किती खर्च करायचा हेही ठरवता येतं.

डब्यात काय आहे ते ओळखा

बाजारात ढोबळमानानं दोन जाती आहेत. पहिली पाण्यावर आधारलेली: दुधासारखी पांढरी, पातळ, फारसा वास नसलेली. यात सिलिकोन तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात कालवलेले असतात. पाणी उडून जातं, सिलिकोनचा पापुद्रा उरतो. दुसरी द्रावकावर आधारलेली: पारदर्शक, तेलकट, आणि झाकण उघडताच पेट्रोल पंपाची आठवण करून देणारा वास. ओली ओली, काचेसारखी चमक हिचीच असते आणि ती टिकतेही जास्त. म्हणूनच ती लोकांना आवडते.

"सिलिकोन टायर खातं" असं सर्रास ऐकायला मिळतं. यात दोष चुकीच्या माणसावर जातो. सिलिकोन तेल रासायनिकदृष्ट्या अतिशय शांत आहे. त्यानं फुगतं ते मुख्यतः सिलिकोनचंच रबर, आणि टायर त्या रबराचा नसतो. अपाय करतं ते सिलिकोनला विरघळवून ठेवणारं पेट्रोलियम द्रावक. ते टायरच्या रबरात शिरतं, त्याला किंचित फुगवतं, आतलं मेण आणि रसायन सैल करतं आणि उडून जाताना पृष्ठभाग आधीपेक्षा कोरडा ठेवून जातं. एकदा लावल्यानं काही कळणार नाही. दर आठवड्याला, दोन-तीन वर्षं, उन्हात उभ्या गाडीवर हेच चालू राहिलं तर फरक पडतो.

आपल्याकडे कित्येक बाटल्यांवर घटक छापलेलेच नसतात, आणि वॉशिंग सेंटरवर तर बिनलेबलचा कॅन असतो. अशा वेळी घरी करता येतील अशा तीन परीक्षा सांगतो.

काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या आणि पॉलिशचे चार थेंब टाका. ढवळल्यावर सगळं एकजीव होऊन दुधाळ झालं, तर ते पाण्याचं. थेंब वर तरंगत राहिले, तवंग आला, तर ते द्रावकाचं. दुसरी परीक्षा नाकाची. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांपैकी कशाचाही वास आला तर बाटली परत ठेवा. लेबल असेल तर "पेट्रोलियम डिस्टिलेट" किंवा "नॅफ्था" हे शब्द शोधा. स्प्रेच्या डब्यावर ज्वालाग्राही असल्याची खूण असते ती बऱ्याचदा आत कोंबलेल्या वायूमुळे असते, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नका.

तिसरी परीक्षा वेळखाऊ आहे, पण ज्याला पटतच नाही त्याला ती जरूर दाखवा. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणा. त्याच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा. एक पट्टी बाटलीत डिझेल घेऊन त्यात बुडवा, दुसरी पाण्याच्या पॉलिशमध्ये. दोन दिवसांनी बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. डिझेलमधली पट्टी लांबी-रुंदीनं वाढलेली आणि बोटाला लिबलिबीत लागते. टायरवर हातानं पुसलेलं डिझेल इतका वेळ टिकत नाही हे खरं, पण दिशा तीच.

घरगुती उपाय

डिझेल आणि जळकं ऑइल यांची बंदी वर झालीच. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण आणि आम्लंही असतात. ते टायरला, हाताला आणि पावसात ज्या नाल्यात वाहून जातं त्या नाल्यालाही वाईट. मात्र आपल्याकडे धुण्यानंतर गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून डिझेल-ऑइलचा फवारा मारतात, तो सरळ टायरच्या आतल्या बाजूवर आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर बसतो. "खालून फवारा नको" हे गाडी लिफ्टवर चढायच्या आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

बुटाच्या पॉलिशमध्ये मेणाबरोबर द्रावक असतंच, तेव्हा तेही नको. खोबरेल तेल दोन तास छान दिसतं. मग त्यावर धूळ बसून चिकट काळा लेप तयार होतो, आणि कोकणातली लाल माती असेल तर टायर विटकरी होतो. ग्लिसरीन मात्र निरुपद्रवी आहे. ते पाण्यात विरघळतं, टायरच्या रबरात शिरत नाही. पहिल्या पावसात धुऊन जातं हा त्याचा दोष, पण लग्नाच्या वरातीपुरती गाडी चमकवायची असेल तर औषधाच्या दुकानातली छोटी बाटली आणि तेवढंच पाणी पुरे.

पॉलिशच्या आधी तपासणी

चाक धुतल्यावर, पण पॉलिश लावण्याआधी, टायर बघायचा. क्रम उलटा झाला तर काही दिसत नाही.

साइडवॉलवर "डीओटी" अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धवट असेल तर पूर्ण ओळ आतल्या बाजूला असते. चाक वळवून मोबाइलच्या उजेडात वाचता येते. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी बदलावा. आपल्याकडच्या उन्हात, विशेषतः विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तिथं, मी दहा वर्षांची वाट पाहणार नाही.

मग हवा भरलेल्या टायरच्या बाजूवर अंगठा फिरवा. केसासारख्या, नखाला न जाणवणाऱ्या चिरा वयाच्या असतात. तारीख लिहून ठेवा, फोटो काढा आणि तीन महिन्यांनी तुलना करा. नख अडकत असेल, भेग उघडून आत दोरा दिसत असेल, किंवा एखाद्या जागी फुगा आला असेल, तर त्या टायरला पॉलिश नको, सुट्टी द्या. साइडवॉलची जखम पंक्चरसारखी दुरुस्त होत नाही, आणि फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तापलेल्या टायरनं तो फुगा सांभाळावा ही अपेक्षा धरू नका.

नक्षीच्या खोबणीत बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच. त्याखाली गोटा टायर, आणि गोट्यावर पॉलिश मारणारेही मी पाहिले आहेत.

धुणं

गाडी सावलीत उभी करा आणि चाक गार होऊ द्या. एका बादलीत पाणी आणि गाडीचा शाम्पू, नसेल तर भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब. टायरसाठी वेगळा, मऊसर प्लॅस्टिकचा ब्रश ठेवा. तोच ब्रश रंगावर फिरवलात तर ब्रेकच्या धुळीचे ओरखडे उठतील. गोल गोल घासा, धुवा, पुन्हा एकदा घासा. दुसऱ्यांदा फेस फिकट तपकिरी आला की थांबा. फेस पांढरा शुभ्र येईपर्यंत घासत बसणारे लोक टायरचा राखणदार थर दर रविवारी उतरवत असतात. तीव्र डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारं द्रव, तोही नेहमीसाठी नाही. तो वापरायचा एकदाच: आधी कुणी तेलकट पॉलिश थापलेलं असेल आणि ते काढून नव्यानं सुरुवात करायची असेल तेव्हा.

मग पूर्ण कोरडं करा. ओल्या टायरवर पाण्याचं पॉलिश बसत नाही, त्याचे ओघळ येतात. उडालेलं पॉलिश हे बहुतेकदा नीट न वाळलेल्या टायरवरचं असतं.

लावणं

बाटलीतून थेट टायरवर फवारू नका. स्पंजच्या तुकड्यावर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या आणि साइडवॉलवर एकाच दिशेनं गोल फिरवा. अक्षरांच्या खाचांत ते साचतं, तिथं कोरड्या स्पंजनं उचला. एका चाकाला एवढं पुरतं. टायर न्हाऊन निघायला नको. १५ मिनिटं थांबा. मग जुन्या सुती कापडानं हलक्या हातानं सगळं पुसून घ्या. हे पुसणं लोक टाळतात, कारण चमक कमी होते. पण जे कापडावर येतं ते टायरला लागलेलंच नसतं. ते उद्या चाक फिरताना दारांवर ठिपक्यांच्या रांगेनं उडणार असतं. सिलिकोनचे ते ठिपके रंगावर राहिले आणि पुढे कधी डेंटिंग-पेंटिंगचं काम निघालं, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. पेंटर मग उगाच शिव्या खातो.

पुसल्यावर मिळते ती साटीन कापडासारखी, नव्या टायरच्या जवळ जाणारी काळी झाक. मला तीच आवडते. ओली चमक हवीच असेल तर दुसरा पातळ हात द्या, पण पहिला हात जाड करू नका. शक्य असेल तर संध्याकाळी लावा आणि गाडी सकाळी बाहेर काढा.

महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात तर लावूच नका: चिखलाच्या पहिल्या डबक्यात सगळं संपतं, आणि त्या चार महिन्यांत टायरला हवी असते ती योग्य हवा आणि शिल्लक नक्षी.

कुठं अजिबात नाही

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, म्हणजे नक्षीचा पट्टा, हा पॉलिशच्या हद्दीबाहेर. शोरूमसारखा पूर्ण टायर काळा करण्याचा मोह होतो, पण सिलिकोन हे वंगण आहे. रस्त्याशी पकड असते ती प्रत्येक चाकाच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेची. चुकून लागलंच तर साबण-पाण्यानं घासून काढा, आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा.

दुचाकीला टायर पॉलिश लावू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, अक्षरशः हात धरून थांबवीन. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा टायरची कड रस्त्याला टेकते, आणि साइडवॉलवर लावलेलं पॉलिश ओघळून नेमकं त्या कडेपर्यंत येतं. वॉशिंग सेंटरवर बुलेट किंवा स्कूटर दिलीत तर "टायरला काही नको" हे दोनदा सांगा, आणि परत घेताना बोट फिरवून बघा. बोट घसरलं तर तिथंच साबणानं धुऊन घ्या, मगच बसा.

तिसरी जागा ब्रेकची डिस्क. अलॉय व्हीलच्या फटींतून स्प्रे सरळ डिस्कवर जातो. थोडं लागलं असेल तर ब्रेक क्लीनरनं डिस्क पुसता येते, पण पॅडमध्ये मुरलं तर पॅड बदलावे लागतात. म्हणूनच स्प्रे नको, स्पंज. पॉलिशनंतर गाडी काढताना गल्लीतच, कमी वेगात, दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा.

उभ्या गाडीचं काय

मुलं परदेशी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी पुसून टायर चमकवून जातं. अशा गाड्या आता शहरात पुष्कळ दिसतात. तिथं पॉलिशनं टायर वाचत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी फिरवायला सांगा, म्हणजे मेण वर येईल. हवा दर पंधरा दिवसांनी तपासायला सांगा, कारण कमी हवेवर उभा टायर जास्त ताणतो आणि ताणलेल्या जागीच ओझोन घुसतो. चाकांवर ऊन येत असेल तर गोणपाट टाका.

जुनी गाडी घेताना

भेगा झाकण्याबद्दल सुरुवातीला म्हटलं, ते २०२२ मधल्या एका दुपारवरून. मावसभावासाठी सेकंडहँड हॅचबॅक बघायला गेलो होतो. २०१४ चं मॉडेल, रंग चांगला, आणि टायर असे काळेभोर की भाऊ म्हणाला, "दादा, टायर तर नवेच टाकलेत." विक्रेत्यानं मान हलवली, पण "हो" म्हटलं नाही. मी पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन पुढच्या डाव्या टायरचा वीतभर भाग ओला करून खसाखसा पुसला. रुमाल तेलकट काळा झाला. त्याखाली कोरड्या शेतासारखी जाळी होती. नख आत जात होतं. तारखेचे आकडे होते १११४. गाडीबरोबर आलेले पहिलेच टायर, आठ वर्षांचे. तीन टायरांची तीच गत, चौथा रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला.

डिक्कीतली स्टेपनी काढायला लावली. तीही १११४ चीच, पण कधी रस्त्याला न लागलेली. तिच्यावरचे रबराचे केससुद्धा शाबूत होते. अंधारात, बिनपॉलिशची, एकही चीर नाही.

गाडीचं इंजिन चांगलं होतं, म्हणून सौदा केला, चार टायरांचे पैसे किमतीतून वळते करून. स्टेपनी २०२४ उजाडायच्या आत बदलायची असं ठरवून तेवढी ठेवली. गाडी घरी नेण्याआधी, पूजेच्याही आधी, आम्ही तिला चाळीसच्या वेगानं सरळ टायरवाल्याकडे घेऊन गेलो.